पोस्टाच्या भिंतीवर चित्र काढून घ्यायचंय? घाबरू नका

तालुक्याच्या पोस्टाला नवी इमारत मिळाली आणि दर्शनी भिंतीवर ‘स्थानिक कलेचं दर्शन’ घडवा असं वरून पत्र आलं, की साहेब, चित्रकार शोधत बसू नका. टेप शोधा. भिंत मोजा, खिडक्या वजा करा आणि स्क्वेअर फुटावर दर काढा. डिस्टेंपरचा निघतो तसाच चित्राचाही निघतो.

मग निविदा. अनामत रक्कम, जीएसटी नंबर आणि गेल्या तीन वर्षांत अशाच तीन पोस्टांत चित्रं काढल्याचा दाखला, एवढ्या अटी घातल्या की उदगीर-परभणीची हाताला गुण असलेली पोरं आपोआप गळतात. उरतो एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा. तो बहुधा टाइल्सही बसवतो, म्हणजे शौचालयाचं काम त्यातच उरकून घेता येतं.

अमेरिकेचं नाव कुणी काढलं तर विषय बदला. तिथं 1934 साली अर्थखात्याने खास विभाग उघडला, इमारतीच्या खर्चातला साधारण एक टक्का कलेसाठी ठेवला आणि गावोगावच्या पोस्टांत भित्तिचित्रं लावली. स्पर्धेत चित्रकाराचं नाव झाकून निवड करायचे. आता नावच दिसलं नाही तर आमदारसाहेबांचा फोन कुणासाठी आला होता हे कळणार कसं? परिणाम व्हायचा तो झालाच. वॉशिंग्टनला टपालखात्याच्याच इमारतीत रॉकवेल केंट नावाच्या गड्याने 1937 मध्ये चित्रातल्या पत्रावर एस्किमोंच्या भाषेत मजकूर लिहिला. अलास्काहून पोर्टो रिकोच्या लोकांना निरोप: चला, म्होरके बदलू या! केवढा गहजब झाला. तेव्हा आपल्या चित्रातला पोस्टमन पत्र देताना दाखवा, पण पत्र कोरं ठेवा.

विषय अर्थातच अजिंठा. निजामाच्या टपालाने 1931 साली लेण्यांचं प्रवेशद्वार आठ आण्यांच्या तिकिटावर छापलं होतं. स्वतंत्र भारताने 1949 मध्ये अजिंठ्याचं शिल्प तीन पैच्या तिकिटावर आणलं. भाव कसा उतरतोय हे दर ठरवताना ठेकेदाराच्या कानावर घाला. सोळा नंबरचं लेणं वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं आणि तसा लेखही कोरून ठेवला. त्याच्याकडून तेवढंच शिका. कोनशिला चित्रापेक्षा मोठी हवी.

शेतकरी दाखवाच, पण अंगाने भरलेला. विहीर काठोकाठ, सोयाबीन हिरवंगार. चित्रकाराने ऊसतोडीला निघालेली ट्रॉली काढली, तिच्यावर भांडी, पत्र्याची पेटी, दावणीची शेळी आणि वर शाळेच्या गणवेशातलं पोरगं बसवलं, तर ‘प्रमाणबद्धता नाही’ असा शेरा मारून परत पाठवा. बीडच्या माणसाला ते चित्र बघायला पोस्टात यायची गरज काय?

अजिंठ्याचा पद्मपाणी, तोच हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, काउंटरच्या डोक्यावर घ्या. त्याची नजर खाली आहे. ‘लिंक नाही’चा कागद नेमका तिथं चिकटवला की बिचारा तोच वाचतोय असं वाटतं. वायरिंगवाल्याला मात्र चित्र पूर्ण झाल्यावरच बोलवा, आधी नाही. स्विचबोर्डाला कमळाच्या आसपास जागा बरी मिळते. खालच्या तीन फुटांत देवाच्या टाइल्स लावा. गुटखेवाले निदान तोंड वळवतील.

एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंद झाली, फोटो वर गेला, की बिल काढा. दोष-दायित्व मुदत एक वर्ष ठेवा. त्यात पोपडे सुटले तर ठेकेदाराने सगळ्या भिंतीवर पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात मोफत मारून द्यावेत, ही अट करारनाम्यात आठवणीने घाला.