दंड नाही म्हणून उपयोगही नाही का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सरकारी कारभार खुला करण्यासाठी देशांनी एकत्र येऊन उभारलेल्या ‘ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप’ या आंतरराष्ट्रीय भागीदारीमध्ये सरकारे आपली आश्वासने आपणच लिहितात, ती मोडली तरी त्यांना दंड होत नाही, त्यामुळे हा सगळा खटाटोप प्रतिमा उजळण्यापुरताच आहे, शिवाय तो परकीय हस्तक्षेपही आहे, असा माझ्या लेखावर आपला आक्षेप आहे. त्यातला दंडाचा मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात मी तो स्पष्टपणे मांडायला हवा होता. सप्टेंबर २०११ मध्ये आठ देशांनी सुरू केलेल्या या भागीदारीत आज सत्तरहून अधिक देश असले, तरी एखाद्या सदस्याला ‘निष्क्रिय’ ठरवण्यापलीकडे तिच्या हाती फारसे काही नाही.

आपला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. लेखी आणि मुदतबंद आश्वासन दिले गेले की त्या देशातल्याच नागरिकांना जाब विचारण्यासाठी एक ठोस आधार मिळतो, आणि या भागीदारीची खरी ताकद मला तिथे दिसते. ब्रिटनचे उदाहरण घ्या. कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंद सर्वांसाठी खुली करू, असे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी या भागीदारीच्या २०१३ च्या लंडन परिषदेत जाहीर केले. २०१५ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि २०१६ मध्ये नोंदवही प्रत्यक्षात आली. ती सदोष होती, कारण कंपनीने भरलेली माहिती कोणी पडताळतच नव्हते. परंतु नोंदी खुल्या असल्यामुळेच पत्रकारांना आणि अभ्यासकांना त्यांतल्या खोट्या व विसंगत नोंदी शोधता आल्या, आणि पडताळणीचे अधिकार देणारा कायदा अखेर २०२३ मध्ये संमत झाला. दहा वर्षे लागली, हे खरे आहे. पण बंद कपाटातल्या नोंदवहीतली चूक कोणाला दाखवता आली असती?

शिवाय, हा केवळ सोहळा असता तर हंगेरीच्या सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये त्यातून बाहेर पडण्याचे कारण नव्हते. नागरी संघटनांवरील दबावाबद्दल त्याच्याविरुद्ध भागीदारीकडे तक्रार झाली होती आणि तिची चौकशी सुरू होती.

‘परकीय हस्तक्षेप’ हा आपला शब्द येथे लागू पडत नाही, कारण या आश्वासनांचा कृती आराखडा प्रत्येक देश स्वतःच, आपल्या नागरी संघटनांशी चर्चा करून तयार करतो.

आपल्या बाजूने बोलणारे सर्वांत भक्कम उदाहरण आपण दिलेले नाही, म्हणून ते मीच देतो. मेक्सिको हा संस्थापक सदस्य. तेथे साखरयुक्त पेयांवरील कराचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या फोनवर पाळत ठेवण्याचा प्रयत्न झाल्याचे उघड झाले, आणि मे २०१७ मध्ये नागरी संघटनांनीच सरकारबरोबरच्या संयुक्त समितीतून अंग काढून घेतले. दंडाच्या अभावापेक्षा मला हे अधिक गंभीर वाटते, कारण चर्चेला बसलेल्या नागरिकालाच सुरक्षित वाटत नसेल, तर आराखड्यावर त्याची संमती कोणत्या अर्थाने घेतली जाते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.