कुंद्याच्या फोटोला लग्नाचा अल्बम बघून काय कळणार?
दुकानातल्या मालाच्या फोटोंसाठी ‘महाग कॅमेरावाला फोटोग्राफर निवडा’ हा लेखातला सल्ला पटला नाही. आमच्या बेळगावात लग्नाचे फोटोग्राफर एकापेक्षा एक आहेत, पण कुंदा, म्हणजे आमची दुधाची मिठाई, समोर ठेवला की समोरून फ्लॅश मारतात आणि नुसता तपकिरी गोळा दिसतो. त्याला बाजूने किंवा मागून मऊ उजेड लागतो, तेव्हा कुठे रवाळपणा आणि तुपाची चकाकी उठते. इथल्या शहापूरच्या शहापुरी साडीच्या फोटोत रंग जसाच्या तसा हवा, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवतंय. म्हणून आपल्याच मालाचे दोन फोटो आधी त्या फोटोग्राफरकडून काढवून बघा, फुकट नव्हे, पैसे देऊन. अन् फोटोंच्या हक्काचं लेखी घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणाराच. बरेच दुकानदार मात्र न वाचताच, हक्क फोटोग्राफरला देणाऱ्या करारावर सही ठोकतात.