हळहळण्यापूर्वी पासपोर्ट तपासावा

पेपर उघडल्याबरोबर पाचपन्नास माणसं मेल्याची बातमी दिसली, तर लगेच 'अरेरे' म्हणू नका. आधी त्यात कोणी गोंयकार आहे का ते बघा. जहाज बुडालं असेल तर जास्तच बारकाईने, कारण आपल्या गोव्यात वाड्यागणिक जहाजावर काम करणारा एखादा तारवटी असतोच. तसं कोणी नसेल तर 'मृतांमध्ये भारतीय नाहीत' ही ओळ शोधा. ती सापडली की पोदेराने आणलेला उंडा पाव चहात बुडवायला मोकळे.

13 नोव्हेंबर 2015 ला पॅरिसमध्ये 130 जण मारले गेले, तेव्हा तुम्ही फेसबुकवरच्या आपल्या फोटोवर फ्रान्सचा झेंडा चढवलात. छान केलंत. आदल्याच दिवशी बैरूतमध्ये चाळीसहून अधिक माणसं बॉम्बस्फोटांत गेली होती, पण लेबनॉनचा झेंडा फेसबुकने दिलाच नव्हता. तुम्ही तरी काय करणार? अशा जागांसाठी 'तिथे हे चालायचंच' एवढं पाठ ठेवा.

तिकीट महाग असेल तर मात्र राष्ट्रीयत्वात सवलत मिळते. जून 2023 मध्ये बुडालेलं 'टायटॅनिक' बघायला गेलेल्या 'टायटन' पाणबुडीतल्या पाच जणांसाठी आपण ऑक्सिजनचे तास मोजत बसलो. त्यांतले दोघे पाकिस्तानी वंशाचे होते. चार दिवस आधी ग्रीसजवळ शेकडो स्थलांतरितांना घेऊन बोट बुडाली. तिच्यातही पाकिस्तानी होते, पण त्यांचे तास कोण मोजणार?

गोव्यात आणखी एक घोळ आहे, इथल्या अनेकांनी घेतलेल्या पोर्तुगीज पासपोर्टचा. 3 सप्टेंबर 2025 ला लिस्बनमध्ये ग्लोरिया फ्युनिक्युलर घसरून 16 जण गेले. ते आपले की परके? सोपा नियम सांगतो: पासपोर्ट बदललेला चुलतभाऊ धडधाकट असेपर्यंत 'पोर्तुगीज झाला मेला', आणि काही बरंवाईट झालंच तर 'आमचो गोंयकार'.

खरी कसोटी घराजवळ लागते. 4 जानेवारी 2014 ला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 31 जण गेले. काणकोण तर आपलंच, तेव्हा 'तिथे हे चालायचंच' इथे म्हणता येत नाही. अशा वेळी मृतांची गावं विचारा. बहुतेक मजूर बाहेरून आलेले निघतील. मग 'घाटी होते' असं हळूच म्हणा, पान उलटा, आणि तिथे फ्लॅट बुक करणाऱ्यांचे पैसे परत मिळतील का, याबद्दल मनापासून हळहळा.