पाकीट बाकावरच आहे

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. अर्पणाची पिशवी तिसऱ्या बाकापाशी आली तेव्हा एका काकांनी खिशातून अर्पणाचं बंद पाकीट काढलं, क्षणभर हातात धरलं आणि पिशवी तशीच पुढे जाऊ दिली. मग पाकीट 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाखाली सरकवलं आणि गीत चालू असतानाच उठून बाहेर गेले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आतपर्यंत आला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांना ठाऊक आहे, इथेच नाशिकच्या जेलरोडला त्यांचा थोरला भाऊ राहतो आणि वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोघांत सहा वर्षं बोलणं नाही.

उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी चर्चा काय, तर "प्रभूच्या मेजावरून असं उठून जातात का?", "बीपी वाढलं असेल", "एवढं काय अडलं होतं, दुपारी फोन केला असता." डोकंच फिरलं. अहो, बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 5, वचन 23 आणि 24. लहानपणी शब्बाथ शाळेत, रविवारच्या बायबल वर्गात, हेच वचन पाठ म्हणून बक्षिसं मिळवलीत ना? अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. एक माणूस ते आपल्या डोळ्यांदेखत जसंच्या तसं करतो आणि आपण त्याचं बीपी काढतो!

आणि हीच मंडळी काल रात्री ग्रुपवर टाकत होती, "कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, उद्या प्रभुभोजन आहे." दीडशे जणांच्या ग्रुपवर! कुणाला म्हणालात? कशाबद्दल म्हणालात? ज्याचे पैसे बुडवलेत त्याचा नंबर तर ब्लॉक केलेला आहे. दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना आपल्या मराठीत चक्क 'ऋण' म्हणतो आपण, 'ऋण्यांस ऋण सोडले' म्हणतो. इतका रोकडा शब्द तोंडात असताना हे 'कळत नकळत' येतं कुठून?

एक गोष्ट नीट बघा. मत्तय 5 मध्ये भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, म्हणजे चूक तुमची. मत्तय 18 मध्ये, वचन 15 पासून, चूक भावाची. आणि दोन्हीकडे उठून जायचं कुणी? तुम्हीच. 'त्यानं आधी यावं' ही सोय प्रभूनं कुठेच ठेवलेली नाही. मत्तय 18 चा क्रमही ठरलेला आहे. आधी एकट्यानं जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आपण हे बरोब्बर उलटं करतो. आधी सगळ्या मंडळीत बोभाटा, मग कमिटीत अर्ज, मग पाळकसाहेबांना मधे घालायचं, आणि भावाला शेवटी कळतं, तेही चुलत्याकडून.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, कारण लोक जातात आणि जाऊन आणखी बिघडवून येतात. निघण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा, त्यात 'पण' आणि 'जर' नको. 'तुला वाईट वाटलं असेल तर' यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. 'मी तुझी सही न विचारता कागद पुढे केला', असं क्रियापद स्वतःकडे घ्या. एकट्यानं जा, बायको, मेहुणा, पाळक कुणी नको. जेवणाच्या वेळेला नको, सणाला तर अजिबात नको, घरात पाहुणे असतात आणि माणसाला खोटं हसावं लागतं. पेढ्यांचा पुडा नेऊ नका. पुडा हातात पडला की समोरच्याला चहा टाकावाच लागतो, आणि मग विषय राहतो बाजूला. दहा मिनिटं पुरे. आपली चूक सांगायची, त्याच्या चुकीचा हिशेब काढायचा नाही. तो ओरडला तर ओरडू द्यायचं. 'आता मला माफ कर' म्हणून तिथेच उत्तर मागत बसायचं नाही, त्याला वेळ लागेल. वचन ऐकवायचं नाही. आणि न विचारता त्याच्या घरात प्रार्थना तर मुळीच सुरू करायची नाही! डोळे मिटून देवाला सांगतोय असं दाखवत भावाला टोमणे मारणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत.

पैशाचा मामला असेल तर तोंडी क्षमा पुरत नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा परत करायला सांगितलंय. 40,000 दाबले असतील तर 48,000. जकातदार जक्कय तर येशूपुढे चौपट द्यायला उभा राहिला, म्हणजे 1,60,000. तेवढं नको हो, निदान मुद्दल तरी. तेही बँकेतून द्या, म्हणजे उद्या 'दिले-नाही दिले' होत नाही.

घराच्या वाटणीचं तर विचारूच नका. ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मागे राहिलेल्या पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. 18 लाखांची मिळकत, आई आणि तीन भावंडं असतील, तर आईचे 6 आणि प्रत्येकाचे 4 लाख. बहिणीचेही 4. 'तिला लग्नात दिलं' हे कलम त्या कायद्यात नाही. बहिणीनं राजीखुशीनं सोडलं तर हक्कसोडपत्र करा, रीतसर नोंदवा, तिला वाचून दाखवा. नाताळला केक खायला बोलावून कोऱ्या कागदावर सही घेणारे भाऊ पुढच्या बाकावर बसून देवानं आपलं कसं भलं केलं याची साक्ष देतात, आणि आपण आमेन म्हणतो. आज निदान एकाला तरी आमेन म्हणवलं नाही, उठून गेला.

हो, मान्य, काही वेळा समोरचा दारच उघडत नाही. म्हणूनच पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात 'तुमच्याकडून होईल तितकं' असं म्हटलंय. (रोम 12:18. पाठ करा हेही.)

आणि आता उगाच कुणी मार खाणाऱ्या बाईला हे ऐकवायला जाऊ नका. 'साताच्या सत्तर वेळा क्षमा कर आणि घरी जा' असं सांगणाऱ्यांची मला चीड येते. ते वचन मत्तय 18 मधलंच आहे, आणि त्याच्या थोडंसंच वर लिहिलंय की जो मंडळीचंही ऐकत नाही त्याला परका समज. क्षमा करणं वेगळं, त्याच छताखाली परत जाणं वेगळं. तिला 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, तिच्याबरोबर पोलिसांत जा, तिची राहायची सोय बघा. रोज शरणपूर रोडनं जाता ना? शरण आलेल्यांचं गाव होतं ते. आफ्रिकेतून पळवून नेलेली, गुलामीतून सोडवलेली मुलं तिथे राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह 1874 मध्ये इंग्लंडला घेऊन गेलेला जेकब वेनराइट आपल्या नाशिकच्याच शाळेतला. या गावात आपल्या विश्वासाची सुरुवात डोक्यावर छप्पर देण्यापासून झाली. बाईला परत मारणाऱ्याच्या हवाली करून कसली साक्ष देता?

असो. फार तापलो.

'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या, जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं आठवतं अशा वेळी. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार तुटला. काही वर्षांनी त्या परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपलं सोवळं-ओवळं सांभाळत नवऱ्याबरोबर राहिल्या आणि पुढे आपल्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. त्यांनी एकदम सगळं सोडून यावं अशी अट घातली असती तर काय झालं असतं? समेट असा पायरीपायरीनं होतो. आज दारात उभं राहू दिलं, पुढच्या खेपेला पाणी मिळेल, कधीतरी पाट मांडला जाईल. काकांनाही घाई करू नका. पुढच्या रविवारी आले की 'काय झालं हो जेलरोडला?' असं एकानंही विचारू नका, हात जोडून सांगतो. 'जय ख्रिस्त' म्हणा आणि बाकावर जागा करून द्या.

उपासनेनंतर खजिनदारांनी पैसे मोजताना विचारलं, बाकावरचं पाकीट जमा करून घेऊ का, नाव आणि महिना वर लिहिलेला आहे. नको म्हटलं. ते अजून वाहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. वाहायला त्यांचे ते येतील. खजिनदार जरा कुरकुरले, वही जुळत नाही म्हणाले. पाकीट पुस्तकाखाली तसंच आहे. त्या बाजूची खिडकी तेवढी लावून घ्यायला सांगितली आहे, पाऊस आत येतो.