रेंजचा दांडा आणि रोजची झटापट

आज पुन्हा तेच! उतारावर ट्रॅक्टर थांबवला, लो रेंजमधून (कमी वेगाच्या गिअरमधून) हायमध्ये (जास्त वेगाच्या) टाकायला गेलो, तर दांडा जागचा हलेना. जोर लावला की खर्रर्र. तो आवाज थेट काळजात जातो हो.

"हायड्रोस्टॅटिक आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतो, गिअरची कटकट नाही," म्हणे! पेडलवर वेग कमीजास्त होतो तो पंप आणि मोटरमुळे. रेंजचे गिअर मात्र साधे दातांचेच. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय ते बदलायचेच नाहीत. उतारावर तर सगळा भार त्या दातांवर येतो आणि ते एकमेकांत आवळून बसतात. ब्रेक दाबून ठेवून पेडलला पुढे-मागे अगदी हलकं टेकवलं की बहुतेक वेळा दांडा अलगद सुटतो. हे मी शिकलो, ठीक आहे.

पण सपाटीवरही खरखर का? पेडल सोडलं तरी ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकतोय! म्हणजे न्यूट्रलच नीट जुळलेलं नाही, आतला शाफ्ट फिरतोच आहे. वर्कशॉपवाल्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा नुसतं तेल बदलून ट्रॅक्टर परत. अहो, आधी लिंकेज (पेडलपासून पंपापर्यंतची जोडणी) बघा, झिजलेले बुश बघा, पेडलची स्प्रिंग बघा! तेलात दातांचे तुकडे सापडल्यावर बघणार का?