घाटकोपरवरची 'बेकायदा' विमानं

'शहरावर हजार फुटांखाली विमान आणायला बंदी, तरी घाटकोपरला गच्ची घासून जातात' असा मजकूर व्हिडिओसह फिरतोय. अर्धंच खरं आहे. दाट वस्तीवर ६०० मीटर त्रिज्येतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर ३०० मीटर, म्हणजे हजार फूट, हा नियम आहेच. पण उतरताना आणि उड्डाण करताना त्यातून सूट असते. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं, त्यामुळे धावपट्टी ३ किलोमीटरवर असताना उंची जेमतेम पावणेदोनशे मीटर. तेवढीच हवी.

आणि 'घासून'? बोईंग ७७७ पंखांसह ६०-६५ मीटर रुंद, एअरबस ए३२० पस्तीसेक. उंची तीच, तरी मोठं अंगावर आल्यासारखं वाटतं. त्यात मोबाइलचा झूम! गच्चीवरची टाकी आणि विमान चिकटलेलीच दिसतात.