चालू काळ चालू द्या

इंग्रजीत साधा काळ वापरू की चालू काळ, या काळजीने तुमची झोप उडाली असेल तर आधी नीट झोपा. उठल्यावर दिसेल त्या क्रियापदाला 'इंग' लावा. आमटीपासून मसालेभातापर्यंत गोडा मसाला कुठेही चालतो, तसंच हे.

आपल्याला ते जमतंही छान. 'कळतंय', 'आठवतंय', 'वाटतंय' म्हणत वाढलेल्या माणसाने 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' म्हणायला कचरावं का? इंग्रजी व्याकरण सांगतं, कळणं ही क्रिया नव्हे, अवस्था आहे. तिला 'इंग' सहसा लागत नाही. आपल्या दुपारच्या मीटिंगा त्यांनी पाहिलेल्या नाहीत. जेवणानंतर कळणं चालू-बंद होतच असतं.

लग्नाच्या बायोडेटात 'आय अ‍ॅम हॅविंग ओन फ्लॅट इन डोंबिवली' असंच लिहा. इंग्रजी कानाला त्यात 'सध्या तरी आहे बुवा' असा सूर लागतो. डोक्यावर २० वर्षांचे हप्ते असतील तर याहून खरं वाक्य नाही. फक्त बहिणीबद्दल 'शी इज हॅविंग ट्विन्स' म्हणताना जपून. जुळी चौथीत असली तरी समोरचा 'कितवा महिना?' विचारेल.

साहेबांच्या निरोप समारंभात 'ही इज बीइंग व्हेरी ऑनेस्ट' म्हणा. याचा अर्थ होतो, आज प्रामाणिकपणे वागतायत, एरवीचं विचारू नका. साहेबांना ते समजणार नाही, त्यांचंही इंग्रजी तुमच्याच शाळेतलं.

कुणी टोकलंच तर मॅकडॉनल्ड्सचं नाव पुढे करा. २००३पासून ते 'आय अ‍ॅम लव्हिंग इट' म्हणतायत, आणि 'लव्ह' तर 'इंग' न लावायच्या यादीत अगदी वर असतं. ती मोहीम सुरू झाली म्युनिकमध्ये, जर्मन भाषेत. त्या बिचाऱ्यांकडे चालू काळाचं वेगळं रूपच नाही, म्हणून 'इश लीबे एस' असं साध्या काळावर भागवलं. बर्गर मात्र तेवढेच खपले असावेत, पण हे टोकणाऱ्याला सांगू नका.

चालू काळाचं खरं सोनं होतं ते ऑफिसात. 'आय सेंड द रिपोर्ट एव्हरी मंडे' हे वाक्य कधीही तोंडातून काढू नका. साधा काळ म्हणजे दर सोमवारी गळ्यात फास. त्याऐवजी 'आय अ‍ॅम वर्किंग ऑन इट'. यात सुरुवात झाली का, ते कळत नाही. शेवट कधी, ते विचारता येत नाही. खणलेल्या रस्त्यावरची 'काम चालू आहे' ही पाटी बघा, दोन पावसाळे झाले तरी तिचं व्याकरण बिघडत नाही. मराठीत लबाड माणसाला 'चालू' म्हणतात ते उगाच नव्हे.

या लेखासाठी संपादकांचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी 'आय अ‍ॅम राइटिंग' म्हणालो. तेव्हा मी फणसाचे गरे काढत होतो.